मांजरडोळ्यामागे हिंडलेला थर्मास

मी थर्मास. चहाचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. चहावाल्यांचं तोंड अरुंद आणि स्वभाव तापट. माझं तोंड इतकं रुंद की बाईमाणसाचा हात बांगड्यांसकट आत जावा. बाहेरून निळा पत्रा, आत काचेची दुहेरी भिंत, वर बुचाचं झाकण. आमच्या घराण्याचा धंदा एकच: आत जे ठेवलं ते जसंच्या तसं परत द्यायचं. बाहेर आदिलाबाद जिल्ह्याचा मे महिना असो, नाहीतर लोकांची तोंडं असोत.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते भैंशाच्या बाजारात, खुशालरावांच्या दुकानात. खुशालराव चौथीपर्यंत शिकलेले, पण गिऱ्हाइकानं उंबऱ्यात पाय ठेवला की हा काय घेणार आणि कशाला नुसता हात लावून जाणार, हे त्यांना कळायचं. कापसाच्या हंगामात जिनिंगपुढे गाड्यांची रांग लागायची, तेव्हा ते दोर, कंदील, ताडपत्र्या विकायचे. उन्हाळा लागला की माझ्यात बर्फ भरायचे आणि लिंबू-सोडा सुरू. गावाकडची मंडळी बर्फ खरंच आहे का म्हणून सारखं माझं झाकण उघडायची. खुशालराव हसून म्हणायचे, "काका, पाहून पाहून बर्फ वाढत नाई, कमी होते." गप्पा मारायला मी त्याच फळीवर शिकलो. त्यामुळे बोलण्यात थोडा दुकानदारपणा आला तर सांभाळून घ्या.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अशाच एका भर दुपारी दुकानात एक बाई आल्या. सुती साडी, चष्मा, खांद्याला पिशवी. सोडा मागितला, पण पिताना नजर माझ्यावरच. मग एकेक विचारायला लागल्या. बर्फ किती वेळ टिकतो, आडवा ठेवला तर पाणी गळतं का, गचके सोसतो का.

"कुल्फीचा धंदा काढता काय, ताई?" खुशालरावांनी विचारलं.

"नाही. रक्त न्यायचंय."

आयुष्यभर सगळ्यांना सगळं विकलेले खुशालराव खाली बसले. मग बाईंनी ओळख सांगितली. नाव सरोजिनी. वडील गोपाळराव मुधोळच्या तहसिलीत नोकरीला होते, आता निवृत्त. बाईंचं शाळेपासूनचं शिक्षण जिल्ह्यात तेलुगूत आणि पुढं हैदराबादला इंग्रजीत. तिथल्या एका प्रयोगशाळेत त्या माणसाच्या आनुवंशिकतेवर काम करत होत्या. काही घराण्यांत कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या का येतो, त्याचं मूळ त्यांना शोधायचं होतं.

"म्हणजे कॅन्सर खानदानी असते?"

"सगळा नाही. थोडा असतो. तोच पकडायचाय."

खुशालरावांनी मला पुसलं, झाकण घट्ट बसवलं आणि त्यांच्या हातात दिलं. भाव सांगितला नाही. त्या दुकानात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. "फुटला तर सांगू नका," म्हणाले, "कामी आला तर येऊन सांगा."

आता ज्या घरासाठी मला घेतलं त्या घराचं सांगतो. मुधोळजवळच्या एका गावात उद्धवराव म्हणून शेतकरी. कापूस आणि ज्वारी, घर खाऊन-पिऊन सुखी. बायको कुसुमबाई. आईवडील वारलेले, घराचा कारभार काकू देवकाबाईंकडे. उद्धवरावांच्या पहिल्या मुलाच्या डोळ्यात अंधारात पांढरी चमक दिसायची, मांजरीच्या डोळ्यासारखी. लोक म्हणायचे मांजरडोळा, गोड वाटायचं. ती डोळ्याच्या पडद्यावरची कॅन्सरची गाठ होती. हैदराबादेत डोळा काढला, पण उशीर झाला होता. मूल गेलं.

काढलेला डोळा तपासणीला नेताना सरोजिनीबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुसुमबाईंना पहिल्यांदा भेटल्या. त्या माउलीनं एवढंच विचारलं होतं, "माझ्या लेकराचा डोळा कुठं नेता?" परमुलखात मराठीत उत्तर आलं, तशी ती बाईंचा पदर धरून रडली होती. डोळ्यातली ती गाठ प्रयोगशाळेच्या मोठ्या थंड कपाटात जपून ठेवली होती. आता कुसुमबाईंना पुन्हा दिवस गेले होते. या बाळाचे डोळे वाचतील का? सरोजिनीबाईंना एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. गाठ दाण्याएवढी असताना सापडली तर डोळाही वाचतो आणि जीवही. त्यासाठी बाळाला जन्मल्याबरोबर हैदराबादला आणून, भूल देऊन, पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. चांगलं दिसणारं तान्हं बाळ घेऊन एवढ्या लांब कोण येईल? ज्यांना खात्री पटली आहे तेच येतील.

तर आम्ही उद्धवरावांच्या ओसरीवर गेलो. पोरं माझ्याभोवती जमली, कुल्फी आली म्हणून. बाईंनी कागदावर घराण्याची मांडणी सुरू केली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, रोग असला तर आत काळं.

"आमाले गोल काऊन अन् त्याइले चौकोन काऊन?" देवकाबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "बराबर हाय. बाप्याइले कोपरे असतेतच."

उद्धवरावांच्या आईचं नाव द्वारकाबाई. एक डोळा लहानपणी देवी येऊन गेलेला, असं सगळ्यांनी सांगितलं. देवीचा डोळा आनुवंशिक नव्हे, म्हणून तो गोल पांढरा राहिला. मग बाईंनी पुस्तकातला नेहमीचा प्रश्न विचारला. नवराबायकोचं लग्नाआधी काही रक्ताचं नातं होतं का?

देवकाबाई दुखावल्या. "रक्ताचं असतं तर लगीन लागलं असतं काय, माय? भाऊबंदात पोरगी कोणी करते काय?"

बाईंनी लिहिलं: नातं नाही.

दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंच्या माहेरी गेलो. तिथं गोष्ट निघाली. कुसुमबाईंच्या वडिलांची एक चुलत बहीण होती, ठकू. तिला मांजरडोळा होता. कुण्या वैदूनं डोळा फोडला, पण पोरगी जगली. पुढं तिचं काय झालं? दिल्या घरी गेली, मग वारली. एवढंच उत्तर मिळालं आणि तो गोल काळा झाला. रोग कुसुमबाईंच्या बाजूनं आला, असं कागद म्हणाला. कागद नुसता कागद राहत नाही, संध्याकाळपर्यंत तो गावाच्या तोंडी होतो.

"पोरीनं आणलं हे घरात," असं देवकाबाई म्हणाल्याचं पाणवठ्यावर ऐकू आलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. उद्धवरावांनी कुसुमबाईंना दुसऱ्यालाही माहेरी पोचवलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. देगलूरकडून एखादी मुलगी पाहण्याचं बोलणंही कानावर आलं. सरोजिनीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पण रक्त तर न्यायचंच होतं. नवऱ्याचं, बायकोचं, दोन्हीकडच्या मंडळींचं. नळ्या माझ्या पोटात, भोवती भैंशाच्या कारखान्याचा बर्फ, आणि आम्ही हैदराबादच्या बसमध्ये. कंडक्टरनं मला हात लावला. "क्या है अम्मा इसमें?" बाई सरळ स्वभावाच्या. म्हणाल्या, खून. बासरच्या पुलापर्यंत आमच्या आजूबाजूच्या चार सीटा रिकाम्या झाल्या. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत बाईंना खिडकी मिळायला काही अडचण आली नाही.

प्रयोगशाळेत जे निघालं ते असं. प्रत्येक माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. या रोगाच्या गाठीत पुष्कळदा चांगली प्रत गळून जाते आणि बिघडलेली तेवढी उरते. उरलेली कोणाकडची, हे आईबापाच्या रक्ताशी ताडून कळतं. बाईंनी त्या गेलेल्या लेकराची गाठ ताडून पाहिली. उरलेली प्रत कुसुमबाईंची नव्हती, उद्धवरावांची होती.

मोठ्या साहेबांनी निकाल पाहिला, घराण्याचा कागद पाहिला आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. रोग आईच्या घराण्यात आणि खूण बापाची, हे जमायचं कसं? म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली असणार, नाहीतर रक्त खराब झालं असणार. "कुल्फीच्या डब्यात नमुने आणल्यावर दुसरं काय होणार?" असं ते म्हणाले. कागदाप्रमाणे आईकडचीच प्रत धरून बाळाची तपासणी करा, असा त्यांचा सल्ला होता.

माझ्यावर तोहमत आली होती, पण माझं जाऊ द्या. बाई पांढऱ्या पडल्या त्याचं कारण वेगळं होतं. कागद खोटा असेल आणि त्याप्रमाणे तपासलं, तर बिघडलेली प्रत घेऊन आलेल्या बाळाला आपणच निर्धोक म्हणून घरी पाठवू. म्हणजे दोन्ही डोळे आपल्या हातानं घालवू.

बाई पुन्हा भैंशाला आल्या. खुशालरावांना हकीकत कळली तेव्हा त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. "माझ्या मालाले नाव ठेवलं?" म्हणाले. मग त्यांचं व्यापारी डोकं चाललं. "ताई, भांडू नका. माल मालाशेजारी ठेवा. हैदराबादहून त्याइचा नवा डबा आणला न? एकाच हाताचं अर्धं रक्त त्यात घाला, अर्धं यात. मंग कोण नासवते ते दिसन." बाई हसल्या, कारण त्यांच्या मनातही तेच होतं आणि नवा डबा त्यांच्या दुसऱ्या हातातच होता.

दोन डबे घेऊन कुसुमबाईंच्या माहेरी गेलो. या वेळी कोणी बसायला सांगितलं नाही. कुसुमबाईंची आजी, रेणुकाबाई, भिंतीला टेकून वाती वळत होती. तिनं मान वर न करताच सुनावलं.

"तुमी लिवून नेलं, म्हणून माझी नात घरी बसली. ज्या घरानं ठकीले जलमभर नांदवलं, त्याच घरानं हिले काढलं."

बाईंचा हात माझ्या झाकणावरच थांबला. "कोणत्या घरानं, आजी?"

"कोणत्या म्हंजे? उद्धवच्या. उद्धवची माय होती न थे."

"उद्धवरावांच्या आईचं नाव द्वारकाबाई होतं."

"थे सासरचं. लग्नात नाव बदलते का नाई? आमाले थे ठकीच."

"आणि डोळा? तिकडे तर सगळे म्हणतात देवीनं गेला."

आजीनं वात खाली ठेवली. "पोरगी उजवाची होती, बाई. मांजरडोळा म्हणलं असतं त कोणी केली असती? देवी म्हणलं का कोणी पुढं विचारत नव्हतं."

"मी तिकडे रक्ताचं नातं विचारलं होतं, तर नाही म्हणाले."

"मंग? थे सोयरिक हाय," आजी म्हणाली. "सोयरिकीत रक्त कुठून आलं?"

आजीचं आजीच्या जागी चुकलं नव्हतं. आमच्याकडे रक्त म्हणजे भाऊबंद, एका कुळाचे. मुलगी दिली की ती त्या कुळाची झाली. तिच्या पोटचे ते सोयरे. पुस्तकाचं रक्त निराळं आणि ओसरीवरचं निराळं. दोन कागदांवरच्या दोन बाया एकच निघाल्या, एक काळी, एक पांढरी. आणि गंमत पाहा, हा घोळ ज्यांना दिसला नाही त्या बाईंना मुधोळात वडील अजून दमयंती म्हणून हाक मारायचे. सरोजिनी हे त्यांचं लग्नातलं नाव. बाई तिथंच जमिनीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की कुसुमबाई आतून पाहायला आल्या. मग त्यांनी कुसुमबाईंचा हात धरून सांगितलं की हे तू आणलेलं नाहीस, आणि त्याच हाताचं रक्त दोन्ही डब्यांत घातलं.

आता उरले उद्धवराव. ते पाठीशी उभे राहिले नाहीत तर बाळ हैदराबादला कोण नेणार? बाईंनी ओसरीवर सगळं सांगितलं. बिघडलेली प्रत द्वारकाबाईंकडून तुमच्याकडे आली, तुमच्याकडून मुलाकडे गेली. यात दोष कोणाचाच नाही. जसं नाक येतं, रंग येतो, तसं हे येतं.

"मंग माझा डोळा काऊन नाई गेला?" उद्धवराव म्हणाले.

"कधी कधी गाठ आपोआप जिरते. फक्त डाग राहतो. तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी सारखं दिसतं का?"

ते उठले आणि शेताकडे चालू लागले. देवकाबाई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की हा लहानपणापासून मान वाकडी करून पाहतो, आम्हाला वाटायचं ऐट आहे.

सकाळी आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा उद्धवराव धुतलेलं धोतर नेसून उभे होते. बाईंना म्हणाले, "डाव्या डोळ्यानं मले मधातलं दिसत नाई. माणूस दिसते, त्याचं तोंड नाई दिसत. मले वाटे सगळ्याइचं एका डोळ्याचं असंच असन." मग म्हणाले, "पहिले तिच्या गावाले चला. तिले सोबत घेऊ."

कुसुमबाईंच्या दारात त्यांनी माफीबिफी मागितली नाही, आमच्याकडचे बाप्ये मागत नाहीत. "चाल, हैदराबादले जाऊ," एवढंच म्हणाले, आणि तिची पिशवी स्वतः उचलली. गावच्या पाणवठ्यावर त्या पिशवीची चर्चा आठवडाभर पुरली.

हैदराबादच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी उद्धवरावांच्या डोळ्यात पाहिलं. डाव्या पडद्यावर जुना, जिरलेला डाग होता. दोन्ही डब्यांतलं रक्त तंतोतंत सारखं निघालं. मोठे साहेब मोकळ्या मनाचे. ते स्वतः चालत आले, मला उचललं, सगळीकडून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "कुठून घेतला?"

"भैंशाहून," सरोजिनीबाई म्हणाल्या. हैदराबादच्या त्या फरशीवर भैंशाचं नाव इतक्या दिमाखात कोणी घेतलं नसेल.

मुलगी झाली. नाळेचं रक्त माझ्यातून गेलं. बापाकडची बिघडलेली प्रत तिला मिळाली होती. कागदावर विसंबून आईकडची तपासली असती, तर तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. डॉक्टरांनी भूल देऊन बाहुली मोठी करून पाहिली. उजव्या डोळ्यात अगदी कडेला पांढुरका दाणा होता, राळ्याएवढा. बाहेरून कोणाला काही दिसलं नसतं. त्यांनी तो कशानं मारला असेल? थंडीनं. बर्फाहून कितीतरी थंड अशी सळई बाहेरून टेकवली आणि गाठ गोठवून टाकली. मी टेबलाखाली होतो. मला काय वाटलं ते विचारू नका, थंडाव्याच्या घराण्यातल्याला यापुढं आणखी काय हवं.

पुढं डाव्या डोळ्यातही एक ठिपका निघाला, तोही गोठवला. उद्धवरावांनी एकही तारीख चुकवली नाही. कापूस वेचणीला आलेला असो, घरात लग्न असो, बापलेक बसमध्ये. दर वेळी वाकून तिच्या डोळ्यात डोकावायचे, मान वाकडी करून. मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता धोका सरला. भिंतीवरची सगळ्यात खालची बारीक ओळ तिनं एकेका डोळ्यानं धडाधड वाचून दाखवली, तेलुगूत. देवकाबाई मुद्दाम सोबत आल्या होत्या. म्हणाल्या, "मले त भिंतही दिसत नाई, अन् हे अक्षर वाचून राह्यली." मग कुसुमबाईंच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी कानाशी बोटं मोडली. भरलेल्या दवाखान्यात सुनेची दृष्ट काढणारी सासू मी तेवढी एकच पाहिली.

खुशालरावांना बातमी मिळाली त्या दिवशी दुकानापुढून जाणाऱ्या प्रत्येकाला सोडा प्यावा लागला, तहान असो वा नसो.

नव्वदच्या दशकात बाईंचं काम वाढलं. बेज्जूरच्या जंगलापासून नांदेडपर्यंत आम्ही हिंडलो. आतड्याचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, ज्या घरात एकाला झाला आणि दुसऱ्याला, त्या घरी. बाईंचे लेख परदेशी छापून आले. आज त्यांचा स्वतःचा विभाग आहे. नव्या मुलामुलींना त्या पहिल्या दिवशीच बजावतात की रक्ताचं नातं विचारू नका. आजी कोणत्या गावची, तिला घरात काय म्हणायचे, मुली कुठून आल्या नि कुठं गेल्या, ते विचारा. आणि चहा पूर्ण संपवून उठा, खरं उत्तर दुसऱ्या कपाला येतं.

माझं म्हणाल तर बासरच्या रस्त्यावर एका खड्ड्यात माझी काच फुटली. आत नमुने नव्हते, तेवढी अब्रू राहिली. आता मी बाईंच्या खोलीत खिडकीशी असतो. माझ्यात पेनं, फूटपट्ट्या आणि कोणीतरी विसरून गेलेली छत्री असते. नमुने न्यायला पांढरे, हलके, शहाणे डबे आलेत. येऊ द्यात. कुसुमबाईंना झालेल्या तिसऱ्या बाळाचं रक्त त्यांच्यातूनच आलं, आणि त्या बाळाला बापाकडची चांगली प्रत मिळाली. निकाल ऐकून उद्धवराव खुर्चीत बसल्याबसल्या झोपी गेले. इतक्या वर्षांची झोप होती ती, कोणी उठवलं नाही.

गारवा धरणं आता माझ्याच्यानं होत नाही, पण दुकानात वाढलेला जीव आहे, गिऱ्हाइकाला हाक मारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या घरच्या तान्ह्याच्या डोळ्यात कधी पांढरं चमकलं तर कौतुक करत बसू नका. घरात पूर्वी कोणाचा डोळा गेला, कशानं गेला, ते म्हातारीजवळ बसून नीट विचारा आणि बाळाला उचलून इकडे आणा. दुखायला लागलं की जाऊ, असं म्हणू नका. हा डोळा आधी दुखत नाही. नुसता चमकतो.